ई-साक्ष्य ॲप: चित्रण पक्कं, कागद मात्र तेवढाच

पोलीस स्थानकात नवं ॲप आलं की हवालदाराला एवढंच जाणून घ्यायचं असतं: यामुळे कुठलं रजिस्टर बंद होणार? ई-साक्ष्यपुरतं सांगायचं तर, ॲपमुळे आपोआप एकही रजिस्टर बंद होत नाही. तरीही ॲप चांगलं आहे असंच आमचं मत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रण न्यायालयात टिकेल असं ठेवणं हे त्याचं मूळ काम, आणि ते काम ते नीट करतं. उणीव आहे ती त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेत. म्हणून हे परीक्षण ॲपचं आहे तितकंच ते हातात धरणाऱ्या उपनिरीक्षकाच्या टेबलावरच्या कागदांचंही आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती किंवा जप्तीची सगळी प्रक्रिया दृक्‌श्राव्य साधनाने, शक्यतो मोबाइलवर, चित्रित करावी लागते. जप्त वस्तूंची यादी करणं आणि पंचांनी त्या यादीवर सह्या करणं हेही त्यात येतं. मग ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. या कामासाठी राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, ई-साक्ष्य तयार केलं. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी गोव्यातल्या नव्या कायद्यांच्या अंमलबजावणीचा आढावा घेतला, तेव्हा सगळ्या तपास अधिकाऱ्यांची या ॲपवर नोंदणी व्हायलाच हवी असा आग्रह धरला होता. त्यामुळे वापरायचं की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. कसं वापरायचं हे मात्र बऱ्याच ठिकाणी अजून तोंडीच शिकवलं जातं.

रचना सोपी आहे. अधिकारी लॉगिन करतो, गुन्हा नोंद असेल तर एफआयआर नंबर आणि नसेल तर स्टेशन डायरीची नोंद टाकतो, आणि चित्रण सुरू करतो. वेळ आणि ठिकाण चित्रणाला जोडलं जातं, प्रक्रिया संपल्यावर अधिकाऱ्याला स्वतःचा सेल्फी द्यावा लागतो, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा, काढून ती वर चढवली जाते. पुढे आयसीजेएसच्या, म्हणजे पोलीस, न्यायालय, कारागृह वगैरेंना जोडणाऱ्या संगणक यंत्रणेच्या, वाटेने ती न्यायालयाला दिसू शकते. चित्रण सीडीवर उतरवा, लखोट्यात घाला, सील मारा, शिपायाला म्हापसा कोर्टात पाठवा, पोच घेऊन या, या फेरीतून इथे खरोखर सुटका होऊ शकते. ज्या स्थानकात दिवसपाळीला मोजकी माणसं असतात, तिथे एका शिपायाची वाचलेली अर्धी पाळी फार मोलाची असते.

आता अडचणीची जागा. एक चित्रण जास्तीत जास्त चार मिनिटांचं होतं. एका गुन्ह्यात अशी कितीही चित्रणं जोडता येतात, पण हणजुण्यातल्या एखाद्या भाड्याच्या खोलीची झडती काही चार मिनिटांत होत नाही. मग होतं असं, की सापडलेली अमली पदार्थाची पुडी हातात असतानाच पहिलं चित्रण तुटतं आणि दुसरं सुरू होतं तेव्हा पुडी टेबलावर असते. मधल्या वीस सेकंदांत तिला कोणी हात लावला, ती तीच आहे की दुसरी, हे उलटतपासणीत विचारलं जाणारच. उपाय सोपा आहे, फक्त सवय लागते. साडेतीन मिनिटं झाली की वस्तू आहे तिथे ठेवा, कॅमेरा तिच्यावर स्थिर धरा, घड्याळातली वेळ मोठ्याने सांगा आणि मग थांबा. पुढचं चित्रण त्याच चौकटीतून, पुन्हा वेळ सांगून सुरू करा. जो अधिकारी झडती घेतोय त्याने कॅमेरा धरू नये. पंचाच्या हातात तर मुळीच देऊ नये, कारण मग त्याने पाहिलं काय आणि चित्रित केलं काय, यावरून त्याच्याच साक्षीत गोंधळ होतो. कॅमेऱ्यासाठी वेगळा शिपाई ठेवा आणि त्याचं नाव साक्षीदारांच्या यादीत घाला. हे नाव राहून गेलं तर आरोपपत्रानंतर धावाधाव ठरलेली.

चित्रणांची वाटणी आधीच ठरवून जावं. पहिल्यात दाराबाहेरचा भाग घ्या: घर क्रमांक, पंचांची ओळख, छाप्याला आलेल्यांनी स्वतःची अंगझडती देऊ करणं. पुढच्या चित्रणांत आत शिरणं आणि खोलीचे चारही कोपरे. त्यानंतर मिळालेली प्रत्येक वस्तू, हात लावण्याआधी जागेवर आणि मग उचलून. शेवटी वजन, लखोटा, सील, यादी आणि सह्या. सर्वांत जास्त राहून जातो तो हाच शेवटचा भाग. पंचनामा लिहायला तास-दीड तास लागतो, तोवर फोनची बॅटरी उतरलेली असते आणि ‘महत्त्वाचं तर झालं’ असं वाटून चित्रण थांबवलं जातं. कायद्यात मात्र यादी आणि सह्यांचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. यादी लिहिताना एकेक वस्तू मोठ्याने वाचावी आणि तेवढं चित्रित करावं. सह्या पूर्ण घ्याव्यात, पंचाचा चेहरा आणि कागद दोन्ही एका चौकटीत येतील असं उभं राहावं. पंखा बंद करावा. मे महिन्यात हे नकोसं वाटतं, पण पंख्याच्या घरघरीत पंचांचा आवाज हरवलेली चित्रणं कोणाच्याच उपयोगाची नसतात.

इथपर्यंत ॲपची बाजू झाली. आता त्याच पुडीचा पुढचा प्रवास पाहा.

समजा चरस मिळालं. वजन आणि सीलच्या खुणा पंचनाम्यात लिहिल्या जातात. तेच सीसीटीएनएसच्या, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे-नोंदीच्या संगणक यंत्रणेच्या, जप्ती फॉर्मात टाइप होतं. तेच मुद्देमाल रजिस्टरमध्ये हाताने उतरवतात. स्टेशन डायरीत नोंद होते, केस डायरीत होते. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे अटक किंवा जप्तीनंतर ४८ तासांत वरिष्ठांना सविस्तर अहवाल जातो, त्यातही तेच असतं. कलम ५२-अ खाली दंडाधिकाऱ्यांपुढे करायच्या अर्जात आणि यादीत तेच असतं. प्रयोगशाळेला नमुना पाठवतानाच्या पत्रात पुन्हा तेच. एका पुडीचं वजन आठ ठिकाणी. डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष काढायचे असतात, प्रत्येक पाकिटातून एक नमुना, दोन प्रतींत. चरस, गांजा आणि अफूसाठी किमान २४ ग्रॅम, इतर पदार्थांसाठी किमान ५ ग्रॅम. म्हणजे नमुना काढल्यावर उरलेल्या मालाचं वजन बदलतं आणि त्याची नवी नोंद होते. ती जुन्या आठांशी जुळवावी लागते ते वेगळंच.

हा कंटाळ्याचा विषय नाही. प्रत्येक उतरवणीत चूक शिरायची एक संधी असते. ११८ चे १८१ झाले, सीलच्या खुणेचं अक्षर बदललं, वेळ अर्ध्या तासाने सरकली, की बचाव पक्षाला दुसरं काही शोधावं लागत नाही. रात्रपाळीत दोन वाजता आठवी प्रत उतरवणाऱ्या हवालदाराची चूक होते ती निष्काळजीपणाने नव्हे. त्याला आठवी प्रत उतरवायला लावली म्हणून होते. कारकुनी कमी करा असं म्हटलं की पोलिसांचे श्रम वाचवण्याची मागणी वाटते, पण ती गुन्हा सिद्ध होण्याच्या शक्यतेची मागणी आहे. आणि उलट बाजूने, खोट्या गुन्ह्यात अडकवल्या गेलेल्या माणसाला सुटण्यासाठी एक स्वच्छ, न बदललेली नोंद मिळावी अशीही ती मागणी आहे.

‘एकदाच नोंद’ हे तत्त्व सरकारने मान्य केलेलं आहे. आयसीजेएसचा दुसरा टप्पा त्याच तत्त्वावर ३,३७५ कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर झाला. पोलीस, न्यायालय, कारागृह, अभियोग आणि न्यायसाहाय्यक प्रयोगशाळा, या पाचांनी एकमेकांची माहिती थेट उचलावी अशी ती कल्पना. कल्पनेत खोट नाही. पण तिचा फायदा स्थानकापर्यंत तेव्हाच पोहोचतो, जेव्हा पडद्यावर माहिती आल्यानंतर तिचा कागद मागणं कोणीतरी लेखी आदेशाने थांबवतं. हा आदेश ॲप देत नाही, अधिकाऱ्याला द्यावा लागतो.

तो येईपर्यंत स्थानकाच्या पातळीवर एक गोष्ट लगेच करता येते. प्रत्येक जप्तीसाठी एकच मूळ तक्ता करा: अनुक्रमांक, वस्तू, वजन किंवा संख्या, सीलची खूण, जागा, वेळ. घटनास्थळीच तो पूर्ण करा, पंचांच्या सह्या घ्या आणि पंचनाम्याला जोडा. पुढे अहवालात, अर्जात, प्रयोगशाळेच्या पत्रात वर्णन पुन्हा टाइप न करता ‘सोबत जोडलेल्या तक्त्याप्रमाणे’ एवढं लिहा आणि तक्त्याची प्रत लावा. याने कायद्याचं कुठलंही बंधन मोडत नाही, आणि चुकीची जागा आठावरून तीनावर येते, कारण मग हाताने उतरवायचं राहतं ते मुद्देमाल रजिस्टर, सीसीटीएनएस आणि स्टेशन डायरी. सरकारी वकिलाला एकदा दाखवून त्याची संमती घ्या, म्हणजे आरोपपत्राच्या छाननीत तक्ता परत येणार नाही.

नेटवर्कचं काय? पणजी-मडगावच्या पट्ट्यात अडचण फारशी येत नाही. सत्तरीच्या आतल्या गावांत, चोर्ला घाटात, धारबांदोडा-सांगेच्या जंगलपट्ट्यात आणि पावसाळ्यात वीज गेली की कुठेही येते. अशा वेळी फोनच्या साध्या कॅमेऱ्यावर चित्रण करून स्थानकात आल्यावर पुढची प्रक्रिया करावी लागते, आणि सर्वाधिक नुकसान इथेच होतं. फाइल व्हॉट्सॲपवरून स्वतःला किंवा रायटरला (लेखनकाम करणाऱ्या पोलिसाला) पाठवू नका. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळे फाइल बदलते आणि हॅश जुळत नाही. गॅलरीत सुरुवात-शेवट छाटणं, फिरवणं, आवाज वाढवणं, यांतल्या कशानेही तेच होतं. नुसतं नाव बदलल्याने हॅश बदलत नाही, तरी नाव बदलूही नये, कारण फोनने दिलेल्या नावात बहुधा तारीख-वेळ असते. केबल लावून फाइल जशीच्या तशी संगणकावर घ्या, लगेच हॅश काढा आणि तो आकडा त्याच दिवशीच्या केस डायरीत लिहा. वेळेचा अंदाजही आधी घ्यावा. साध्या कॅमेऱ्याचं १०८० पिक्सेलचं चित्रण सेटिंगप्रमाणे मिनिटाला ६० ते १३० एमबी जागा घेतं. चार मिनिटांचं ४०० एमबी धरलं, तर ५ एमबीपीएसच्या जोडणीवर ते चढायला जवळपास अकरा मिनिटं लागतात. अशी बारा चित्रणं असतील तर दोन तासांहून जास्त, तेही मध्ये जोडणी तुटली नाही तर. फाइल चढेपर्यंत कोणी बसून राहायचं हे पाळी लावतानाच ठरवलेलं बरं.

प्रमाणपत्राबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र दोन भागांत असतं. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. त्यात उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, सिरीयल नंबर, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) वगैरे लिहावं लागतं, आणि हॅश कोणत्या पद्धतीने काढला त्यावर खूण करावी लागते: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ किंवा अन्य. नेहमी दिसणाऱ्या चुका दोन. हॅश एका पद्धतीने काढलेला आणि खूण दुसऱ्यावर. आणि दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, त्यांतला एक पंचनाम्यात आणि दुसरा प्रमाणपत्रात. दोन्ही नंबर दोन्हीकडे लिहिले की प्रश्न मिटतो.

यातूनच पुढचा मुद्दा येतो: फोन कोणाचा? अधिकाऱ्याच्या खाजगी फोनवर चित्रण झालं तर त्या फोनचा सगळा तपशील न्यायालयाच्या कागदपत्रांत जातो, आणि उद्या मूळ उपकरण हजर करा असं म्हटलं तर घरच्यांच्या फोटोंसकट तो फोन द्यायची वेळ येऊ शकते. प्रत्येक स्थानकाला या कामापुरते निदान दोन सरकारी फोन हवेत. १२८ जीबी जागा, त्यात दुसरं काही ॲप नाही, एक साधा तिपायी स्टँड, एक २०,००० एमएएचची पॉवर बँक आणि पावसासाठी प्लास्टिकचं आवरण. एवढ्या खर्चात या ॲपची निम्मी तक्रार संपते. चांगलं ॲप देऊन उपकरण शिपायाच्या खिशातून काढायला लावणं आम्हाला पटत नाही.

अटकेचा कागद ॲपच्या कक्षेबाहेर आहे, पण भार तिथेच सर्वांत जास्त. अटक मेमो, नातेवाइकांना कळवणं, वैद्यकीय तपासणीचं पत्र, लॉकअप रजिस्टर, सीसीटीएनएसचा अटक फॉर्म, रिमांड अर्ज. यात ६ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या मिहिर राजेश शाह प्रकरणातल्या निकालाची भर पडली. आता अटकेची कारणं प्रत्येक गुन्ह्यात लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्यायची, आणि लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी उभं करण्याच्या दोन तास आधी तरी द्यायची. निकाल योग्यच आहे. माणसाला आपल्याला का धरलं हे कळलंच पाहिजे. पण कळंगुटच्या किनाऱ्यावर धरलेला माणूस कन्नड, बंगाली, नेपाळी किंवा रशियन बोलणारा असू शकतो, आणि इथले एफआयआर साधारणपणे इंग्रजीत टाइप होतात. इथे कामाची विभागणी करता येते. हक्कांचा, कलमांचा, वकील आणि नातेवाइकांना कळवण्याचा भाग सगळ्यांसाठी सारखाच असतो. तो कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि रशियनमध्ये मुख्यालयाने एकदाच तपासून छापून द्यावा. त्या माणसाने नेमकं काय केल्याचा संशय आहे, हा पाच-सहा ओळींचा भाग दर वेळी वेगळाच लिहायचा. तोही छापील करायचा मोह टाळा. साच्यातली कारणं ही कारणंच नव्हेत म्हणून रिमांड फेटाळला जाऊ शकतो.

समन्स आणि नोटीस यांत गल्लत नको. संहितेने समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावायची सोय दिली आहे आणि त्यासाठी पत्ता, ईमेल, फोन नंबर यांचं रजिस्टर ठेवायला सांगितलं आहे. बयाण घेतानाच साक्षीदाराचे दोन नंबर घेतले तर पुढची फेरी खरोखर वाचते. पण कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ४१-अ ची, व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात हे सांगितलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यात बदल करायला नकार दिला, कारण ती नोटीस न पाळल्यास अटक होऊ शकते. ती हातोहातच द्यावी लागते. शॉर्टकट घेतला तर पुढची अटकच अडचणीत येते.

फिर्यादीला ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवणं, हे काम मात्र फोनवरून करावं. कलम १९३ मध्ये इलेक्ट्रॉनिक मार्ग स्पष्टपणे दिलेला आहे. तरीही टपालाचं पत्र, जावक नंबर आणि पोच असा पूर्ण सोहळा होत असेल तर तो आजच बंद करता येईल. पाठवलेल्या संदेशाची प्रत केस डायरीला लावली की झालं.

वरिष्ठ कार्यालयांकडे एक मागणी. ॲपवर किती चित्रणं झाली हा आकडा यंत्रणेतच असतो. तो पुन्हा दर आठवड्याला एक्सेलमध्ये स्थानकाकडून मागवला जात असेल तर थांबवावा. आणि नवा कुठलाही नमुना लागू करताना त्याच परिपत्रकात कोणता जुना नमुना रद्द झाला ते लिहावं. रद्द करण्यासारखा नसेल तर नवा खरंच लागतो का, हे आधी दोन स्थानकांत महिनाभर वापरून बघावं, एक डिचोलीसारखं आतल्या भागातलं आणि एक किनाऱ्यावरचं. दोन्हीकडच्या कामाची जात वेगळी आहे.

एक राहिलं. तपास अधिकाऱ्याची बदली होते आणि खटला त्यानंतर तीन-चार वर्षांनी उभा राहतो. चित्रणं त्याच्या लॉगिनखाली घेतलेली असतात. कार्यभार देताना प्रत्येक प्रलंबित गुन्ह्यातल्या चित्रणांचे साक्ष्य क्रमांक, तारीख, कॅमेरा धरणाऱ्याचं नाव आणि हॅश, असं एक पान केस डायरीत लावा आणि त्यावर घेणाऱ्याची सही घ्या. ॲपबाहेर काढलेली चित्रणं असतील तर ती कोणत्या हार्ड डिस्कवर आहेत आणि ती डिस्क मुद्देमालात कोणत्या नंबरला आहे, तेही त्याच पानावर.